डोंगरावर जाऊन लिहायचे पुस्तक

‘एकदा यातून मोकळा झालो, की डोंगरात कुठेतरी घर घेणार आणि पुस्तक लिहिणार.’ हे वाक्य ऐकलेले नाही असा मराठी वाचक मुंबईत विरळाच. दादरच्या कट्ट्यावर, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, परळच्या बसथांब्यावर ते निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या तोंडी येते. डोंगराचे नाव तेवढे बदलते. कोणाचे माथेरान, कोणाचे महाबळेश्वर, कोणाचे आजोळचे कोकणातले गाव. पुस्तकाचे नाव बहुधा ठरलेले नसते.

माझे वडीलही हे वाक्य बोलत. लालबागच्या चाळीत आम्ही सहा माणसे एका खोलीत राहत होतो आणि ते एका गिरणीच्या कचेरीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडल्यावर ते खरोखरच गावी, कोकणातल्या घरी गेले. डोंगर होता, शांतता होती, वेळ होता. दोन वर्षांत वहीची अकरा पाने झाली आणि त्यातली निम्मी कौलांच्या आणि विहिरीच्या खर्चाची निघाली. त्या अकरा पानांमुळे मला हा प्रश्न पडला. पुस्तक आणि डोंगर ही जोडी आपल्या मनात कशी बसली, आणि मराठी मुंबईत जी पुस्तके प्रत्यक्ष लिहून झाली ती कुठे बसून लिहिली गेली?

घळ आणि हवापालट

या कल्पनेची दोन मुळे दिसतात. पहिले संतपरंपरेतले. दासबोध शिवथरघळीत सांगितला गेला असे परंपरा मानते. तुकोबांचे नाव देहूजवळच्या भंडारा डोंगराशी जोडलेले आहे. त्यामुळे ग्रंथ म्हटला की एकांत आणि एकांत म्हटला की डोंगर, हे समीकरण आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मात्र याच परंपरेत आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे आणि ती आपण विसरतो. घळीत समर्थ एकटे नव्हते. लिहून घ्यायला कल्याणस्वामी होते. ज्ञानेश्वरी तर डोंगरावर नव्हे, प्रवरेकाठच्या नेवाशात, श्रोत्यांसमोर सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ भरल्या सभेत तयार झाला.

दुसरे मूळ अगदी अलीकडचे आणि परके आहे. मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या माथ्यावर थंड हवेची ठिकाणे वसवली. महाबळेश्वर १८२० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरले. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर गेली आणि लोणावळा-खंडाळा मुंबईच्या टप्प्यात आले. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. आधी गोरे साहेब, मग पारशी आणि गुजराती शेटिये, त्यानंतर पांढरपेशा मराठी माणूस, अशा क्रमाने डोंगरावरचा बंगला खाली झिरपत आला.

मध्ये १८९६ ची प्लेगची साथ येऊन गेली. मांडवीत पहिले रोगी सापडल्यावर काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. शहराची हवा वाईट आणि डोंगराची चांगली, ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली. ‘हवापालट’ हा आपल्या घरांत रुळलेला शब्द त्याच काळाची आठवण आहे. क्षयाच्या रोग्याला जसा हवापालट, तसाच पुढे लेखकालाही, असे आपण मानू लागलो.

गड आणि कोठडी

या कल्पनेच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष लोकमान्य टिळकांची काढली जाते. सिंहगडावर त्यांचा बंगला होता, उन्हाळ्यात ते तिथे जाऊन राहत. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाशी सिंहगडाचे नाव जोडले जाते ते योग्यच आहे. पण टिळकांचा जो ग्रंथ मराठी घराघरांत गेला, तो गडावर लिहिलेला नाही.

जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या निषेधार्थ गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांना मंडालेला नेले आणि तिथल्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, थोड्या महिन्यांत, शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले. १९१४ मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखित हाती आले आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापला गेला. गडावरचा बंगला स्वतःच्या इच्छेने गाठायचा होता. माणसे येत, राजकारण वर चढून येत असे. मंडालेला दार बाहेरून बंद होते. तुरुंगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, तिथे टिळकांच्या प्रकृतीची हानीच झाली. तरी लेखनाला लागते ते डोंगराचे दृश्य नव्हे, कोणी मध्ये न येणारा वेळ लागतो, एवढे या दोन ठिकाणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

शहरात बसून लिहिलेले डोंगर

आता उलट बाजू पाहू. मराठी साहित्यातले कितीतरी डोंगर मुंबईत बसून लिहिलेले आहेत.

श्री. ना. पेंडसे यांचा जन्म दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. लहानपणीच ते मुंबईत आले आणि नोकरी केली ती ‘बेस्ट’मध्ये. ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’ या कादंबऱ्यांतले कोकण त्यांनी नोकरी सांभाळून लिहिले. ‘रथचक्र’ला १९६३ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी ‘बेस्ट’चा इतिहासही लिहिला. कोकण आठवायला त्यांना कोकणात बिऱ्हाड करावे लागले नाही. उलट, ते सुटल्यामुळेच इतके स्पष्ट दिसले असावे.

अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून लहानपणी कुटुंबाबरोबर पायी मुंबईला आले. गिरणीत काम, लाल बावटा कलापथक, लोकनाट्ये हे सारे याच शहरातले. वारणेच्या खोऱ्यातल्या डोंगरदऱ्या ज्या ‘फकिरा’त उभ्या राहतात, ती कादंबरी १९५९ मध्ये आली आणि तिचा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडपट्टीत राहत होता.

अरुण कोलटकर प्रभादेवीच्या एका खोलीच्या घरात राहत आणि काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये बसत. साठच्या दशकात ते जेजुरीच्या डोंगरावर जाऊन आले. ती फेरी मनात दहा वर्षे मुरली. कविता १९७४ मध्ये एका नियतकालिकात आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. १९७७ मध्ये राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. डोंगरावर मुक्काम फार थोडा होता, लेखन शहरात झाले.

दुर्गाबाई भागवतांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मध्य भारतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी त्या हिंडल्या, तिथेच गंभीर आजारी पडल्या आणि काही वर्षे अंथरुणाला खिळल्या. पुढचे आयुष्य त्यांनी मुंबईत काढले. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांचे नेमाने जाणे-येणे होते. निसर्गावरचे मराठीतले सर्वांत प्रिय पुस्तक, १९५६ चे ‘ऋतुचक्र’, या मुंबईकर बाईंचे आहे. झाडे पाहायला त्यांना डोंगरावर घर लागले नाही. रोजच्या वाटेवरचे झाड बारा महिने पाहत राहण्याची सवय लागली.

दाराचा प्रश्न

एवढ्यावरून ‘मुंबईतही लिहिता येते, तक्रार कसली?’ असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डोंगर मागणारा माणूस जे मागतो ते खरे आहे, फक्त तो त्याला चुकीचे नाव देतो. त्याला हवे असते बंद करता येणारे दार.

चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चाळीचे दार दिवसभर उघडे असते. ते लावले तर शेजारी विचारायला येतात, ‘काय हो, बरं आहे ना?’ मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती होत्या. गिरणगावात तर एकेका खोलीत पाळ्या बदलून झोपणारे कामगार राहत. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होई. अशा खोलीत माणूस डोंगराचे स्वप्न पाहील नाही तर काय करील?

या शहरात दाराची सोय ज्याने त्याने आपापल्या परीने केली. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय शिक्षण चालू असताना कुटुंब लालबाग-परळच्या चाळींत राहत होते. शांत जागा म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि पुढे मॅट्रिकच्या यशानंतर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांची उमेदीची वर्षे गेली. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी घर बांधले, ते कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी नव्हे. ते दादरच्या हिंदू कॉलनीत बांधले, आणि ग्रंथांसाठी वरचा मजला राखून बांधले. ‘राजगृह’ ही या प्रश्नावर मुंबईने दिलेली सर्वांत मोठी उत्तरे आहेत त्यांतली एक. दार हवे, आणि ते चळवळीच्या माणसांना गाठता येईल अशा अंतरावर हवे.

नारायण सुर्वे यांच्यापाशी तर पळून जायला गावही नव्हते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला हे मूल रस्त्यावर सापडले आणि त्याने ते वाढवले. गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गावी निघून गेला, तेव्हा मुलगा मुंबईतच राहिला. गिरणी, शाळेतली शिपाईगिरी, मग मास्तरकी. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आले, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये. हे विद्यापीठ म्हणजे परळचे रस्ते होते. उतारवयात सुर्वे माथेरानच्या पायथ्याशी, नेरळला राहायला गेले. पण ज्या कवितांनी मराठी कविता बदलली त्या तोपर्यंत लिहून झाल्या होत्या. त्यांच्यासाठी डोंगर कामाच्या आधी आला नाही, नंतर आला.

इथे एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. दार बंद करून कोणी लिहीत असेल, तर दाराबाहेरचे कोणीतरी सांभाळत असते. सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाईंच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’ असे आहे. पाणी कधी भरायचे, रॉकेलच्या रांगेत कोण उभे राहणार, मुलाचा ताप कोण पाहणार, या प्रश्नांची उत्तरे ठरल्याशिवाय कोणाचेही पान पुढे सरकत नाही. ‘डोंगरावर जाऊन लिहीन’ हे वाक्य आपण पुरुषांच्या तोंडून जास्त ऐकतो याचे कारण इथे आहे. डोंगरावरच्या घरातही चूल असते. तिथे दुकान लांब असते, इतकेच.

डोंगर रिकामा नाही

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीचा नायक मुंबईच्या गिरणीला विटून राजमाचीला परततो. मुंबई सोडून डोंगर गाठण्याची आपल्याकडची ही सर्वांत सुंदर कथा. पण बुधा तिथे पुस्तक लिहायला गेलेला नाही. तो तिथलाच आहे. त्याच्या हाताला काम आहे; माती, झाड, जनावर यांच्याशी त्याचे नाते आहे. वाचक ते पुस्तक मिटवतो तेव्हा त्याला बुधासारखे राहावेसे वाटते, आणि आठवड्याने तो कर्जतच्या बाजूला प्लॉटची चौकशी करतो. दोन्ही गोष्टींत फार अंतर आहे.

ज्याला आपण एकांत समजतो तिथे ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. उन्हाळ्यात तिथल्या बाया डोक्यावरून पाणी आणतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मुंबईकराला जो डोंगर पावसाळ्यात खिडकीतून हिरवा दिसतो, त्याच्याच कुशीत राहणारी माणसे पावसाळ्यात रात्री जागी असतात. हे ठाऊक असलेला लेखक डोंगरावर जाऊ नये असे नाही. त्याने तिथे रिकामी जागा शोधायला जाऊ नये, एवढेच.

हिशेब

लेखनाचा हिशेब साधा आहे. छापील पानावर अडीचशे शब्द धरले, तर रोज तीनशे शब्द म्हणजे एक पान आणि थोडे जास्त. वर्षातले दोनशे दिवस एवढे केले तर साठ हजार शब्द, म्हणजे दोनशे चाळीस पानांचे पुस्तक होते. तीनशे शब्दांना सरावाच्या माणसाला एक तास पुरतो. डोंगरावरचा महिना मिळेल तेव्हा मिळेल. हा तास सकाळच्या नळाच्या आधी किंवा कचेरीनंतर काढता येतो. पेंडसे यांच्यासारखे नोकरदार लेखक असाच वेळ काढून लिहीत आले.

त्या तासाला लागते जागा आणि वाट पाहणारे कोणीतरी. या दोन्ही गोष्टी गिरगाव ते दादर या पट्ट्याने मराठी लेखकाला दीर्घकाळ पुरवल्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची दादरची वास्तू, गिरगावातला साहित्य संघ, गल्लोगल्लीची वाचनालये, एका चहावर बसू देणारी इराण्याची हॉटेले, या सगळ्या भाड्याविना मिळालेल्या खोल्या होत्या. आणि वाट पाहायला गिरगावच्या खटाववाडीत ‘मौज’ होती, ‘सत्यकथा’ होती, हस्तलिखित वाचून दुरुस्त्या सुचवणारे संपादक होते. दिवाळी अंकांचेही हेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पावसाळ्यात संपणाऱ्या मुदतीने जितके लेखन करवून घेतले, तितके कोणत्याही डोंगराने करवून घेतले नसेल.

आज त्यांतले पुष्कळ उरलेले नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उलगडत गेले. हजारो कामगार आपल्या आठवणी घेऊन घाटावर आणि कोकणात, म्हणजे अक्षरशः डोंगरात, परतले. तिथे त्यांना वेळ होता. पुस्तके मात्र लिहिली गेली नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी माणसांना भेटून, प्रश्न विचारून त्यांचे बोलणे टिपून घेतले, तेव्हा ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ हा ग्रंथ उभा राहिला. नेवाशाचीच रीत ही: सांगणारा, ऐकणारा आणि लिहून घेणारा.

बीडीडी चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत. बंद होणारे दार अखेर येत आहे. चाळीत वाढलेल्या पिढीकडे जे सांगण्यासारखे आहे ते सांगून झाले नाही, तर त्या दाराआड ते तसेच राहील. म्हणून वाचनालयाचे एक टेबल वाचवणे, संध्याकाळी ते उघडे राहील असे पाहणे, हे लेखनासाठी डोंगरावरच्या बंगल्यापेक्षा मोठे काम आहे असे मला वाटते.

वडील दोन वर्षांनी परत आले. आईचे गुडघे हे कारण त्यांनी सांगितले. मी वहीबद्दल विचारले, तेव्हा म्हणाले, ‘तिथं सगळं होतं रे. पण गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा यावरून भांडायला कोणी नव्हतं.’ त्यानंतर ते रोज सकाळी दहा वाजता दादरच्या एका वाचनालयात जाऊन बसत. शेजारी त्यांच्याच खात्यातले एक निवृत्त जॉबर पेपर वाचायला येत. भोंग्याच्या वेळेवरून दोघांची हुज्जत होई, ग्रंथपाल हळू बोलायला सांगत, आणि मग वडील खाली मान घालून लिहीत. एकशे चाळीस पाने झाली आहेत. ती छापली जातील की नाही ते ठाऊक नाही. पण भोंगा किती वाजता होत असे, ते त्यांत लिहिलेले आहे.